हुकूम आला म्हणून गेलेला सैनिक

सोलापुरात पहाटे होम मैदानावर गेलात तर पोरं धावताना दिसतील. कडेला एकजण मोबाइलवर वेळ लावून उभा, बाकीचे सोळाशे मीटर किती मिनिटांत बसतंय या काळजीत. कुणी मोहोळचा, कुणी अक्कलकोटचा, कुणी मंगळवेढ्याचा. शहरात तिघांत मिळून एक खोली, सकाळी मैदान, दिवसभर अभ्यासिका, मधल्या वेळेत मेसचा डबा. छाती सेंटिमीटरभर कमी भरली म्हणून परत आलेला पोरगा आठवडाभर कुणाशी धड बोलत नाही.

अशा गावात युक्रेनमधला एखादा व्हिडिओ फिरत फिरत येतो. भर रस्त्यात दोघं-तिघं गणवेशवाले एका माणसाला सक्तीने सैन्यात न्यायला धरतात, तो गाडीचं दार सोडत नाही, शेजारची बाई ओरडतेय, शेवटी दार बंद होतं आणि गाडी निघून जाते. चहाच्या गाड्यावर लगेच निकाल लागतो. "काय बे, देशावर वेळ आली अन् हा पळतोय बघ. आमच्याकडं पोरं जायला मरायलेत."

हा निकाल देणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याने आयुष्यभर सैन्य म्हणजे धडपडून मिळवायची गोष्ट म्हणूनच पाहिलं आहे. शिवाय आपल्या गावाकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसारखा माणूस आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. परक्या देशाच्या युद्धात स्वतःहून गेलेल्या माणसाचं स्मारक ज्या शहरात आहे, तिथे स्वतःच्या देशाच्या युद्धातून अंग काढणारा माणूस पचनी पडणं अवघडच. पण कोटणीसांना कुणी हुकूम धाडला नव्हता, आणि होम मैदानावरच्या पोरांनाही कुणी धाडत नाही. ज्याला हुकूम येतो त्याचं काय होतं, हे आपण पाहिलेलंच नाही. म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

आधी कायदा

सक्तीची लष्करभरती ऐकायला भयंकर वाटते, पण तिची सुरुवात रुक्ष कारकुनीने होते. सरकार कायदा करतं. ठरावीक वयाच्या पुरुषांची (काही देशांत बायकांचीही) यादी तयार होते. मग डॉक्टरी तपासणी, मग बोलावण्याचा कागद. कागद येऊनही हजर झाला नाही तर तुरुंग. कुणाला सूट द्यायची याची यादी वेगळी: शेतकरी, कारखान्यातला कुशल कामगार, एकुलता एक कमावता, विद्यार्थी. ही दुसरी यादीच पुढे सगळ्या भांडणाचं मूळ ठरते. १८६३ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, तीनशे डॉलर भरले की सक्तीतून सुटता येत होतं, किंवा आपल्या जागी दुसरा माणूस पैसे देऊन पाठवता येत होता. त्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये यावरून भीषण दंगल झाली, आणि गरीब गोऱ्या जमावाने आपला राग शहरातल्या कृष्णवर्णीयांवर काढला. कायद्यातल्या अन्यायाचा सूड कायदा करणाऱ्यावर क्वचितच उगवला जातो.

भारतात सामान्य नागरिकाला उचलून सैन्यात घालणारा कायदा कधी लागू झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्य २५ लाखांवर गेलं, तेही स्वेच्छा-भरतीने. पण दार अगदीच बंद नाही. राज्यघटनेचं २३ वं कलम वेठबिगारीला बंदी घालतं, आणि त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल. मात्र ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग बघून भेद करायचा नाही. लष्करासाठी हे दार आजवर उघडावं लागलेलं नाही, एवढंच.

आणि 'स्वेच्छा' हा शब्दही जपून वापरायचा असतो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी पंजाबात गावागणिक माणसांचा आकडा ठरवून दिला जाई आणि तो भरायचं काम लंबरदार-झैलदार या गावप्रमुखांच्या गळ्यात पडे. त्यांनी ते कसं केलं याच्या कहाण्या १९१९ नंतरच्या चौकशांमध्ये भरपूर आल्या. त्याच १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरले. काही महिन्यांपूर्वी सत्याग्रहात त्यांच्यासाठी बैलगाडी फुकट देणारी गावं आता भाड्यानेही गाडी देईनात. नको म्हणायची ही जुनी रीत आहे. तोंडाने कुणी काही बोलत नाही, फक्त गाडी मिळत नाही.

कायद्याच्या आधी गल्ली

सरकारला प्रत्येक दारात पोलीस उभा करणं परवडत नाही. ते काम शेजारी करतात, आणि फुकटात करतात.

ब्रिटनचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे, कारण १९१४ मध्ये तिथे सक्ती नव्हतीच. युद्ध सुरू होऊन महिना होतो न होतो तोच चार्ल्स पेनरोझ फिट्झजेरल्ड नावाच्या एका निवृत्त आरमारी अधिकाऱ्याने फोकस्टन गावात तीस बायका जमवल्या आणि साध्या कपड्यांत दिसणाऱ्या तरुण पुरुषांना पांढरं पीस द्यायला सांगितलं. पांढरं पीस म्हणजे भित्रेपणाची खूण. आपल्याकडे मोर्चातल्या बायका साहेबाच्या टेबलावर बांगड्या ठेवतात, तसलाच हा आहेर. फरक इतकाच, की साहेब संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. ट्रामात, नाटकगृहात, चौकात पीस मिळालेला पोरगा दुसऱ्या दिवशी भरतीच्या कचेरीत उभा असायचा. आणि पीस देणारीला समोरचा कोण आहे हे ठाऊक नसायचं. रजेवर आलेला सैनिक, जखमी होऊन घरी पाठवलेला, दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून परतणारा, सगळ्यांच्या हातात पिसं पडली. शेवटी सप्टेंबर १९१६ मध्ये सरकारलाच जखमी किंवा आजारी होऊन सेवेतून मोकळ्या झालेल्यांसाठी कोटावर लावायचा चांदीचा बिल्ला काढावा लागला, 'सेवा बजावली आहे' असं कोरलेला. म्हणजे लढून आलेल्याला आपण लढून आलो आहोत हे छातीवर लावून फिरावं लागलं.

दुसरी युक्ती याहून गोड होती. मित्रांनो, एकत्र या, एकत्रच लढायला पाठवू. एका गावची, एका गिरणीची, एका फुटबॉल क्लबची पोरं मिळून एकेक पलटण. लँकेशायरमधलं अ‍ॅक्रिंग्टन हे सुती कापडाच्या गिरण्यांचं गाव होतं. १९१४ मध्ये काम मंदावलेलं, पोरं रिकामी. सोलापूरने गिरण्यांचे भोंगे चालू असतानाचे दिवस पाहिलेत आणि बंद पडल्यानंतरचेही, त्यामुळे हे चित्र इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सगळी चाळ निघाल्यावर एकटा मागे राहायची हिंमत कुणाची होणार? १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत त्या पलटणीचे सुमारे ७०० जण पुढे सरकले आणि सकाळच्या थोडक्या वेळात त्यांतले ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. यांतला एकही कायद्याने नेलेला नव्हता. पण शेजाऱ्यांच्या नजरा नसत्या तर किती गेले असते, हा हिशेब कुणी मांडू शकत नाही.

जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धात बोलावण्याचा कागद लाल रंगाचा असे. तो घरी आला की शेजारीपाजारी येऊन अभिनंदन करत. आईने चारचौघांत डोळ्याला पदर लावायचा नाही, आभार मानायचे. मग ती कापडाचा एक पट्टा घेऊन रस्त्यावर उभी राहायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना लाल दोऱ्याची एकेक गाठ मारायला सांगायची. हजार बायकांच्या हजार गाठी झाल्या की तो पट्टा मुलाने कमरेला बांधायचा, गोळी लागू नये म्हणून. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला तिच्या वयाइतक्या गाठी मारायची मुभा असे, कारण वाघ लांब जाऊनही घरी परततो अशी समजूत. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला या पट्ट्यातली मेहनत लगेच कळेल. त्यात माया होती, यात शंका नाही. पण हजार बायकांनी गाठ मारलेला पट्टा कमरेला असताना "मला जायचं नाही" असं म्हणायची सोय उरत नव्हती, हेही तितकंच खरं.

लोक असं का वागतात? द्वेषापोटी, असं उत्तर सोपं आहे आणि बरंचसं चुकीचं. ज्या घरातला मुलगा गेला आहे त्या घराला शेजारचा मुलगा ओट्यावर बसलेला बघवत नाही. माझा गेला, तुझा का नाही? या प्रश्नात राग कमी आणि दुःख जास्त असतं. दुसरी गोष्ट जरा आडवळणाची आहे. भीती जवळपास प्रत्येकाला वाटत असते, पण उघड कुणी बोलत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून प्रत्येकाला वाटतं की घाबरलेला मी एकटाच. मग आपली भीती झाकायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुसऱ्याला भागूबाई म्हणणं. गल्लीत सगळ्यात मोठ्याने बोलणारा, अनेकदा, ज्याचं वय भरतीच्या पलीकडे गेलं आहे तो असतो.

अर्ज घेऊन उभा राहिलेला माणूस

पिसं आणि पोस्टरं पुरेनात तेव्हा ब्रिटनने जानेवारी १९१६ मध्ये सक्तीचा कायदा केला. आधी १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष, मेपासून विवाहितही. सूट हवी असेल तर स्थानिक मंडळापुढे अर्ज. मंडळावर कोण? गावचे नगरसेवक, व्यापारी, जमीनदार, आणि सोबत लष्कराचा एक प्रतिनिधी. ज्याच्या दुकानातून तुम्ही उधारीवर पीठ आणता तोच तुमच्या धैर्याचा निकाल देणार.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नको म्हणणारे म्हटलं की आपल्याला तत्त्वनिष्ठ शांततावादी आठवतात. ते होते: साधारण १६,००० पुरुषांनी विवेकाच्या कारणावरून नकार दिला. मंडळं त्यांना ठरलेला प्रश्न विचारत, जर्मन सैनिकाने तुझ्या आईवर, बहिणीवर हात टाकला तर काय करशील? यांतल्या ३५ जणांना १९१६ मध्ये फ्रान्सला नेऊन मृत्युदंड वाचून दाखवला आणि मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. युद्धानंतर अशा अनेकांचा मतदानाचा हक्क पाच वर्षं काढून घेतला.

पण कायदा आल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच सूट मागणाऱ्यांचा आकडा साडेसात लाखांच्या आसपास गेला होता. त्यांतल्या बहुतेकांना युद्धाबद्दल तात्त्विक काही म्हणायचं नव्हतं. बेकरी एकट्याच्या जिवावर आहे. आई अंथरुणाला खिळली आहे. दोघे भाऊ आधीच गेलेत, शेतावर मीच उरलोय. हा खरा अनिच्छुक सैनिक. सूट फेटाळली की तो मुकाट्याने गणवेश चढवतो. त्याच्यावर फारसं कुणी लिहीत नाही. शांततावाद्याला निदान नंतर इतिहासात मान मिळतो, बेकरीवाल्याला तोही नाही.

गेला, तरी हिशेबात नाही

समजूत अशी असते की एकदा गणवेश अंगावर चढला की सगळे सारखे. तसं होत नाही.

अमेरिकी लष्करात बरीच वर्षं सैनिकाच्या क्रमांकाआधी दोन अक्षरं असत. स्वतःहून आलेला असेल तर 'आरए', सक्तीने आणलेला असेल तर 'यूएस'. गळ्यातल्या पत्र्याच्या पट्टीवर, पेटीवर, हजेरीच्या यादीवर तीच. नाव सांगायच्या आधी माणूस कसा आला हे समोरच्याला कळे. पलटणीत जुना, हौसेने आलेला सैनिक नव्याकडे बघून दोन गोष्टी मनात धरतो: हा दोन वर्षं मोजत बसणार, आणि गोळीबार सुरू झाला की हा माझी पाठ राखेल याचा भरवसा नाही. व्हिएतनाममध्ये उलट, रायफल घेऊन चिखलातून पुढे चालणाऱ्या पायदळात सक्तीच्या पोरांचाच भरणा जास्त होता. कारण स्वतःहून येणाऱ्याला बऱ्याचदा काम निवडता येई, सक्तीवाल्याला उरलेलं मिळे.

१९६६ पासून संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी आणखी एक योजना चालवली. लेखी परीक्षेत एरवी नापास ठरले असते अशा तीन लाखांहून जास्त तरुणांना निकष खाली आणून सैन्यात घेतलं. गरिबांना संधी, अशी तिची जाहिरात होती. बराकीत मात्र त्यांना 'मॅकनमाराचे मठ्ठ' म्हणत. कॉलेजात नाव घातलेल्यांना तेव्हा सवलत मिळत होती, म्हणजे कोण मागे राहणार आणि कोण जाणार हे बऱ्याच अंशी बापाच्या ऐपतीवर ठरत होतं. टीका वाढल्यावर १ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये लॉटरी काढली. वर्षातल्या ३६६ तारखा निळ्या कुप्यांत, कुप्या काचेच्या भांड्यात, आणि सगळं टीव्हीवर. ज्यांची जन्मतारीख आधी निघेल त्यांना बोलावणं आधी. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेले पोरगे घरच्या टीव्हीसमोर बसून आपला नंबर बघत होते.

मुष्टियोद्धा मुहम्मद अलीने २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये नाव पुकारलं तरी पाऊल पुढे टाकलं नाही, म्हणजे भरती नाकारली. विजेतेपद गेलं, पाच वर्षांची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती १९७१ मध्ये रद्द केली. हे सगळ्यांना माहीत असतं. माझं लक्ष त्याच खोलीत पाऊल पुढे टाकलेल्या बाकीच्यांकडे जातं. त्यांतल्या किती जणांना मनातून थांबायचं होतं? पण त्यांच्यामागे ना नाव होतं, ना वकील.

बराकीतल्या तिरस्काराला एक व्यवहारी कारण असतं, ते नाकारून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने पाच लाखांहून जास्त सैनिकांना प्रश्नावल्या दिल्या. लढाईत टिकून राहायला काय उपयोगी पडतं, याच्या उत्तरात देशाच्या मोठमोठ्या गप्पा खाली गेल्या. वर आलं ते "एकदाचं संपवून घरी जाऊ" आणि "सोबत्यांना सोडून कसं जाणार". आणि भीतीबद्दल विचारलं तर छाती धडधडते, पोटात गोळा येतो हे सांगणारे सर्रास निघाले. म्हणजे धीट आणि भित्रे अशा दोन जाती नव्हत्याच. ज्याला सोबत्यांनी आपलं म्हटलं तो टिकला. नव्या, नाखूश माणसाला पहिल्याच दिवशी बाजूला टाकलं की तो खरोखरच उपयोगाचा उरत नाही, आणि मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

त्याच युद्धातल्या डेस्मंड डॉस या अमेरिकी सैनिकाची गोष्ट लोक प्रेरणा म्हणून सांगतात. धर्मश्रद्धेमुळे तो बंदुकीला हात लावायला तयार नव्हता, पण जखमींची सेवा करायला तयार होता. पलटणीतल्या पोरांनी त्याला छळलं, धमक्या दिल्या. मे १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर त्याने कड्यावरून सुमारे ७५ जखमी खाली उतरवले आणि त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. छान. पण सोबत्यांनी माणूस म्हणून वागवावं यासाठी पंच्याहत्तर जीव वाचवावे लागत असतील, तर ज्याने दोनच वाचवले त्याचं काय?

याहून विचित्र तऱ्हा ब्रिटनच्या 'बेव्हिन बॉइज'ची. डिसेंबर १९४३ मध्ये कोळसा कमी पडू लागला, कारण खाणकामगार सैन्यात गेले होते. कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी तोडगा काढला: सक्तीच्या भरतीत आलेल्या मुलांपैकी साधारण दहांतला एक खाणीत पाठवायचा. कोण, ते चिठ्ठीने. टोपीतून एक आकडा काढायचा. ज्याच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा तो, त्याने खाणीत जायचं. वैमानिक व्हायची स्वप्नं बघणारा अठरा वर्षांचा पोरगा एका आकड्यामुळे जमिनीखाली गेला. नकार दिला तर तुरुंग. युद्ध संपल्यानंतरही काही वर्षं, १९४८ पर्यंत, एकूण सुमारे ४८,००० जण या कामात गेले.

त्यांना गणवेश नव्हता. धडधाकट तरुण, साध्या कपड्यांत, युद्धाच्या काळात रस्त्यावर. पोलीस अडवून विचारत, कुठल्या पलटणीतून पळालास? बसमध्ये बायका तोंड फिरवत. खाणीतले जुने कामगारही सुरुवातीला नाराज, कारण त्यांच्या घरची पोरं सैन्यात आणि ही शहरी पोरं इथे. सुटका झाली तेव्हा सैनिकांना मिळाली तशी पदकं नाहीत, जुन्या नोकरीवर परत घेण्याची हमी नाही. सरकारने त्यांच्यासाठी बिल्ला काढला तो २००८ मध्ये, तेव्हा त्यांतले बहुतेक ऐंशी ओलांडलेले होते. यांनी नकार दिला नव्हता, पळ काढला नव्हता, हुकूम आला तिथे गेले होते. तरी शिक्का पळपुट्याचाच.

दुसऱ्याच्या गणवेशात

सगळ्यात अवघड प्रकरण अल्सेस आणि मोझेलचं आहे. फ्रान्सचा हा पूर्वेकडचा पट्टा १९४० मध्ये जर्मनीने गिळला आणि ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती केलं. सुमारे १,३०,००० जण. पळालास तर आईबापांना उचलून नेऊ, ही धमकी होती आणि ती खरी करून दाखवली जात होती. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवलं. जे संधी साधून सोव्हिएत सैन्याकडे गेले त्यांना वाटलं, आम्ही फ्रेंच आहोत हे सांगू. सोव्हिएतांना समोर जर्मन गणवेश दिसला. रशियातल्या तांबोव्हच्या युद्धकैद्यांच्या छावणीत हजारो मेले. घरी परतलेल्यांकडे उरलेला फ्रान्स संशयाने बघत राहिला. त्यांचं नाव पडलं 'मालग्रे-नू', मनाविरुद्ध गेलेले.

इथपर्यंत आपली सगळी सहानुभूती त्यांच्याकडे जाते. मग १० जून १९४४ येतो. ओरादूर-सुर-ग्लान या फ्रेंच गावात जर्मन एसएस (नाझी पक्षाचं सशस्त्र दल) तुकडीने ६४० हून जास्त गावकरी मारले, बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून जाळलं. १९५३ मध्ये बोर्दोला खटला उभा राहिला तेव्हा २१ आरोपींत १४ अल्सेसचे निघाले, आणि त्यांतले तेरा सक्तीने नेलेले. शिक्षा झाल्या तसा अल्सेस पेटला, आमच्या पोरांचा काय दोष? संसदेने आठवडाभरात सक्तीवाल्यांना माफी दिली तसं ओरादूर पेटलं, आणि त्या गावाने सरकारने दिलेले सन्मान परत केले. दोन्हीकडे रडणारी माणसं होती. सक्तीने गेला म्हणजे निर्दोष, हेही म्हणता येत नाही. सक्तीने गेला हे विसरून न्याय करता येत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर माफी फार घाईने झाली. पण ते मत सोलापुरात पंख्याखाली बसून देणं सोपं आहे.

अल्सेसमधल्या स्ट्रासबुर्ग शहरात, रिपब्लिक चौकात १९३६ मध्ये, म्हणजे आधीच्या महायुद्धातल्या मृतांसाठी, उभारलेलं स्मारक आहे. अल्सेस तेव्हा जर्मनीतच होतं, त्यामुळे त्याही युद्धात तिथली पोरं जर्मनीकडून लढली होती. एक आई, तिच्या मांडीशी मरणाला टेकलेली दोन मुलं. दोघांच्या अंगावर कपडा नाही, म्हणजे कुठल्या बाजूचा गणवेश हे कळायची सोय नाही. फ्रान्सच्या गावोगावच्या स्मारकांवर 'फ्रान्ससाठी मेलेले' असं काही ना काही कोरलेलं असतं. इथे फक्त 'आमच्या मृतांना'.

आत्ताचं, आणि आपल्या जवळचं

हा विषय जुना झाला असं वीस वर्षांपूर्वी वाटत होतं. युरोपातले बरेच देश सक्ती मोडीत काढत होते. लिथुआनियाने २०१५ मध्ये ती परत आणली, स्वीडनने २०१७ मध्ये परत आणायचं ठरवलं. रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख माणसं बोलावली आणि जॉर्जिया-कझाकस्तानच्या सीमांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. युक्रेनने एप्रिल २०२४ मध्ये सक्तीचं किमान वय २७ वरून २५ वर आणलं आणि परदेशात गेलेल्या लढाऊ वयाच्या पुरुषांच्या वकिलातीतल्या सेवा अडवल्या. चहाच्या गाड्यावरचा तो व्हिडिओ याच काळातला. त्या देशाचं अस्तित्व पणाला लागलंय आणि खंदकात तीन वर्षं बसलेल्याला बदली हवी आहे, हे खरं. गाडीचं दार धरून ठेवणाऱ्याच्या मागेही कुणीतरी असेल, हेही खरं. दक्षिण कोरियात तर शांततेतही ही मोजणी चालू असते: २०१८ च्या न्यायालयीन निकालानंतर विवेकाने नकार देणाऱ्यांसाठी पर्यायी काम आलं, तुरुंगात राहून ३६ महिने, म्हणजे पायदळातल्या नोकरीच्या दुप्पट.

आणि मग आपली पोरं. २०२३-२४ मध्ये अनेक राज्यांतले भारतीय तरुण 'मदतनीस', 'सुरक्षारक्षक' अशा नोकरीच्या आमिषाने रशियाला गेले आणि आघाडीवर पोचले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवला, जुलैत पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं त्यानुसार अशी १२६ प्रकरणं होती. ९६ जण परतले होते, १२ मेले होते, १६ जणांचा ठावठिकाणा लागत नव्हता. करार रशियन भाषेत, सही करून घेतलेली, पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात. कायद्याच्या भाषेत ही सक्तीची भरती नव्हे. बंकरमध्ये बसलेल्याला हा फरक किती जाणवत असेल?

या बातम्यांखाली आपल्याच लोकांनी लिहिलेलं वाचा. पैशाला भुलला, भोग आता. इथे देशासाठी लढायचं सोडून तिकडे गेला. यातले काही जण इथे भरतीला उभे राहून परत आलेले असू शकतात, याचा विचार लिहिणाऱ्याच्या मनात येत नाही.

सोलापुरातून परदेशी जाणारी पोरं कमी नाहीत, कुणी वैद्यकीय शिक्षणाला, कुणी वेल्डिंगच्या कामाला. म्हणून एवढं सांगून ठेवतो: परदेशातल्या नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. रशियातलं काम असेल आणि व्हिसा पर्यटकाचा किंवा विद्यार्थ्याचा असेल, तर तिकीट काढू नका. तिथे पोचल्यावर न वाचता येणाऱ्या भाषेतला कागद समोर आला तर सही करण्याआधी मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाला फोन करा, आणि तो नंबर निघायच्या आधीच घरच्यांकडे लिहून ठेवा.